दुसऱ्या भेटीचं कारण: लव्ह स्टोरी सिरीयलचा पहिला एपिसोड कसा लिहायचा

लव्ह स्टोरीचा पहिला एपिसोड लिहायला बसलं की बहुतेक जण एकाच ठिकाणी अडकतात, ती दोघं भेटतात कशी. मग पाऊस येतो, तिची स्कूटी बंद पडते, तो थांबतो. नाहीतर सात रस्ता चौकात धडक, भांडण, पिशवीतली भाजी रस्त्यावर. मी पण सुरुवातीला असलाच सीन लिहिला होता आणि एका प्रॉडक्शन हाऊसमध्ये बसून मनापासून वाचून दाखवला होता. तिथल्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "उद्या ही दोघं परत का भेटतील?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसने सोलापूरला परत येताना तो प्रश्न डोक्यातून गेला नाही, आणि आजही कोणी पहिला एपिसोड वाचायला दिला की मी आधी तेवढंच शोधतो.

पहिली भेट योगायोगाने झाली तर चालते, प्रेक्षक तेवढी सूट देतात. दुसरी पण योगायोगाने झाली की त्यांना लेखकाचा हात दिसायला लागतो. २०११ च्या जनगणनेत सोलापूर साडेनऊ लाखांचं होतं, एवढ्या माणसांत तीच दोघं रोज समोरासमोर यायची तर त्याला काहीतरी कारण पाहिजे, आणि ते कारण पहिल्याच एपिसोडमध्ये पक्कं बसवावं लागतं. खाली जे सांगतोय ते सगळं त्या एका कारणाभोवती आहे.

आधी ठरवा, कुठे दिसणार आहे

डेली सिरीयल आणि वेब सिरीज ही दोन वेगळी कामं आहेत. डेलीला अर्ध्या तासाचा स्लॉट असतो, जाहिराती वजा केल्या की हातात २० ते २२ मिनिटं राहतात, आणि आठवड्याला सहा एपिसोड धरले तर वर्षाला तीनशेच्या वर जातात. वेबला आठ-दहा एपिसोड, प्रत्येक ३५-४५ मिनिटांचा, आणि शेवट आधीच माहीत असतो. डेलीमध्ये कथा, पटकथा आणि संवाद ही कामं बऱ्याचदा तीन वेगळी माणसं करतात, त्यामुळे तुम्ही लिहिलेला पहिला एपिसोड उद्या दुसऱ्याच्या हातात जाणार हे धरून लिहायचं, तुमच्या मनात आहे पण कागदावर नाही असं काही ठेवायचं नाही.

अजून एक गोष्ट नवीन लोक विसरतात ती म्हणजे सेट. डेलीचं शूटिंग मुख्यतः दोन-तीन कायमच्या सेटवर चालतं, तिचं घर, त्याचं घर, आणि एक कामाची जागा. पहिल्या एपिसोडमध्ये तुम्ही बारा लोकेशन लिहिलीत तर वाचणारा चौथ्या पानावरच हिशोब करायला लागतो. म्हणून ज्या जागेत पुढचे सहा महिने गोष्ट राहणार आहे ती जागा पहिल्याच एपिसोडमध्ये नीट उघडून दाखवा, भिंतीवर काय टांगलंय, कुठल्या खिडकीतून ऊन येतं, कोण कुठे बसतं. आता मी डेली धरूनच पुढे सांगतो, कारण मला ते काम जास्त माहितीय.

जोडी कामावरून शोधा

तो श्रीमंत, ती गरीब, तो रागीट, ती बडबडी, असं सुरू केलं की पात्रं कागदाचीच राहतात. त्यापेक्षा आपल्या शहरात कोणकोणती कामं चालतात त्याची यादी करा आणि प्रत्येक कामाला विचारा, या कामामुळे दोन अनोळखी माणसं पुन्हा पुन्हा भेटतात का? शाळेच्या युनिफॉर्मचं दुकान चांगलं वाटतं, पण गिऱ्हाईक जूनमध्ये येतं आणि मग वर्षभर येत नाही. विडीच्या कारखान्याची शाखा बघा, बाया घरी विड्या वळून तिथे नेऊन देतात, समोरचा माणूस त्यातल्या काही बाद करतो, परत त्याच बायका त्याच माणसासमोर उभ्या. तिथे भांडण आहे, पैसा आहे, येणं-जाणं आहे. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाणारी माणसं, नव्या पेठेतलं शेंगा चटणीचं दुकान आणि त्याला चटणी कुटून देणारं घर, सिव्हिलमध्ये नातेवाइकाजवळ रात्र काढणारे दोघं, अशा कितीतरी जागा आहेत. सिव्हिलची जागा भावनेने जड आहे पण पेशंट घरी गेला की गोष्ट संपते, म्हणून ती वेबला बरी, डेलीला नाही.

मी या लेखासाठी एक जोडी रचली आहे, तीच शेवटपर्यंत वापरतो म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही.

राजेश्वरी, वय २७, सगळे राजी म्हणतात. पूर्व भागात दाजी पेठेच्या बाजूला घर, घरामागे पत्र्याची शेड, शेडमध्ये चादरीचे चार माग. घरात तेलुगू. अम्मा ओसरीवर बसून विड्या वळते, भाऊ पुण्याला नोकरी करतो. मल्लिनाथ, वय २९, घरात कन्नड, आयटीआय फिटर झालाय पण मामाच्या भंगाराच्या धंद्यात आहे. राजीच्या वडिलांनी, म्हणजे नान्नांनी, चारही माग भंगारात द्यायचं ठरवलंय, इसार पण घेतलाय, आणि घरात कोणाला सांगितलेलं नाही. पहिल्या एपिसोडमध्ये मल्लिनाथ ते माग बघायला येतो.

परत यायचं कारण: त्यात पैसा घाला

आता हे माग तो एका दिवसात टेम्पोत भरून घेऊन गेला तर गोष्ट संपली. इथे थोडं थांबून जरा खोलात जाऊ, कारण बहुतेक पहिले एपिसोड इथेच कच्चे राहतात.

मागाबद्दल एक साधी गोष्ट ज्यांनी शेड बघितलीय त्यांना माहीत असते. कापडाचे उभे धागे एका मोठ्या रुळावर गुंडाळून मागाच्या मागच्या बाजूला चढवलेले असतात, त्याला बीम म्हणतात. बीम चढला की तो संपेपर्यंत माग चालतो. मध्येच माग खोलला तर उरलेलं सूत वाया, त्याच्यावरची मजुरी वाया, आणि ज्याची ऑर्डर घेतलीय त्याच्यापुढे तोंड दाखवायला जागा नाही. मग आपल्या शेडमध्ये तीन माग बंद आहेत आणि चौथ्यावर बीम चढलेला आहे. राजी म्हणते बीम संपल्याशिवाय हा माग हलणार नाही. किती दिवस? बारा.

झालं का काम? अजून नाही. बारा दिवसांनी ये म्हटलं तर तो बारा दिवसांनी येईल, रोज कशाला येईल? म्हणून मी त्यात मामाचा अविश्वास घातला. पैसे देऊन ठेवलेला माग शेडमध्ये तसाच राहिला की रात्रीतून त्याचे पार्ट गायब होतात, मामा या धंद्यात मुरलेला माणूस आहे, तो भाच्याला सांगतो, रोज जायचं, पार्ट मोजायचे, मला सांगायचं. आता मल्लिनाथला रोज त्या शेडमध्ये जावंच लागणार, आणि जाताना तो राजीच्या घरावर संशय घेऊनच जाणार. तिला त्याचं येणं अपमानाचं वाटणार. दोघांपैकी कोणालाही एकमेकांची ओढ नसताना ते बारा दिवस रोज भेटणार आहेत, आणि मला हेच पाहिजे होतं.

कारणात पैसा का घालायचा सांगतो. मैत्री, उपकार, वचन असली कारणं पात्राने मोडली तर फक्त वाईट वाटतं. पैसा अडकला की मोडता येत नाही, आणि घरातली बाकीची माणसंही आपोआप त्यात ओढली जातात, अम्मा, मामा, पुण्याचा भाऊ, ऑर्डरवाला व्यापारी. एका कारणात चार माणसांची कामं लागली की लेखकाला पुढचे पंधरा एपिसोड सीन शोधत बसावं लागत नाही.

कोणी विचारेल, बारा दिवसांनी काय? पहिलं कारण दोन-तीन आठवड्यांपुरतंच असतं, तेवढंच असावं. फक्त त्याच्या पोटात दुसरं कारण असलं पाहिजे. आपल्या गोष्टीत तिसऱ्या आठवड्यात कळतं की राजीने जुन्या पुठ्ठ्यांवरून (जकार्डच्या मागाला नक्षीसाठी भोकं पाडलेले पुठ्ठे लागतात) आजोबांची एक विसरलेली नक्षी परत काढलीय, आणि तिला माग पाहिजे आहेत, विकायचे नाहीत. पहिल्या एपिसोडमध्ये हे सांगायचं नाही, फक्त कोपऱ्यात दोरीने बांधलेला पुठ्ठ्यांचा गठ्ठा दिसू द्यायचा.

भेटायच्या आधी दोघांत काय कमी आहे

प्रेम सुरू व्हायच्या आधी दोघांच्या आयुष्यात एक जागा रिकामी दिसली पाहिजे आणि ती संवादातून सांगायची नाही, कामातून दाखवायची. "मला कोणी समजून घेत नाही" असं वाक्य लिहिलं असेल तर खोडून टाका.

राजीला मागाच्या आवाजावरून कळतं काय बिघडलंय, पण शेडमधला निर्णय कधीच तिला विचारून झालेला नाही, नान्ना अजून पुण्याच्या भावाला फोन लावून विचारतात. हे एका छोट्या सीनमध्ये येतं: ती जेवता जेवता घास हातात धरून थांबते, मागाचा आवाज बदललाय, ती म्हणते नान्ना तो बघा, आणि नान्ना फोनवर मुलाला विचारतायत की कुठला तेलवाला चांगला. मल्लिनाथ मशीन दुरुस्त करायला शिकला आणि दिवसभर मशीन तोडतो. त्याच्या खिशात एक पाना कायम असतो, भंगाराच्या कामात त्याची गरज नाही, तरी असतो. तो पाना त्याच्या पहिल्या सीनमध्ये दाखवा आणि शेवटच्या सीनमध्ये वापरा.

बघा, इथे आपोआप काय झालं. तिला ऐकून घेणारा पाहिजे आणि त्याला जोडायला काहीतरी पाहिजे. तो जे तोडायला आलाय तेच त्याला जोडावंसं वाटणार. हे दोघांना माहीत नाही, प्रेक्षकाला मात्र साधारण दहाव्या मिनिटाला कळलेलं असतं, आणि डेली बघणाऱ्यांना हेच आवडतं, पात्रांच्या आधी आपल्याला कळणं.

अडथळा म्हणजे व्हिलन नाही

मामाला मिशीवाला दुष्ट करू नका. त्याने इसाराचे पैसे उसने काढून दिलेत, लोखंडाचा भाव उतरला तर तो बुडतो. नान्नांना पण खोटारडा करू नका, आयुष्यभर उभं राहून गुडघे गेलेत, मजूर मिळत नाही, मुलगा परत येणार नाही हे त्यांनी मान्य केलंय आणि पोरीच्या लग्नाला पैसे ठेवायचेत. प्रत्येकजण आपल्या जागी बरोबर असला की भांडणाच्या सीनला वजन येतं. भाषा, समाज, घरची बोलणी हे पुढे येणारच, सोलापुरात तेलुगू घर आणि कन्नड घर म्हटल्यावर ते टळत नाही, पण पहिल्या एपिसोडमध्ये तो विषय काढायची घाई नको. अजून प्रेमच नाही तर विरोध कशाला.

बावीस मिनिटं कशी वाटायची

मी साधारण आठ-नऊ सीन धरतो. पहिली दोन मिनिटं राजीची सकाळ. मग मल्लिनाथ मामाच्या गोडाऊनमध्ये, एक जुनी मशीन तोडताना. मग नान्ना लपवतायत हे दाखवणारा जेवणाचा सीन. साधारण सहाव्या-सातव्या मिनिटाला तो शेडमध्ये येतो, म्हणजे पहिल्या ब्रेकच्या आधी दोघं एका फ्रेममध्ये आली पाहिजेत, त्याच्यापुढे नेऊ नका, लोक चॅनेल बदलतात. नंतरचा मोठा सीन भेटीचा, तो चार मिनिटं घेऊ द्या. मग तिचं आणि नान्नांचं भांडण, त्याचं आणि मामाचं बोलणं, हे दोन सीन एकापाठोपाठ एक, तिकडे आणि इकडे. संध्याकाळी तो पार्ट मोजायला परत येतो, तिथे शेवट.

सीन लिहायच्या आधी प्रत्येक सीनची एक ओळ लिहून काढा, आपल्याकडे याला वन-लाइन म्हणतात. त्या ओळीत कोणीतरी काहीतरी करतंय असं क्रियापद पाहिजे. "राजीची ओळख" ही वन-लाइन नाही. "राजी मागाचा आवाज ऐकून जेवण सोडून उठते आणि नान्ना तिला खाली बसवतात" ही आहे.

पहिल्यांदा समोर येतात तो सीन

मी आधी कसा लिहिला असता:

राजी: कोण तुम्ही? मी राजेश्वरी, या कारखान्याच्या मालकाची मुलगी. माझ्या परवानगीशिवाय आत कसे आलात?

मल्लिनाथ: मी मल्लिनाथ. तुमच्या वडिलांनी हे माग आम्हाला विकलेत.

सगळी माहिती मिळाली आणि काहीच घडलं नाही. आता परत (यात पिकर येतो, तो म्हणजे मागात धोटा फेकणारा भाग):

सीन ४. अंतर्गत. शेड. सकाळ.

(तीन माग बंद, चौथा चालू. मल्लिनाथ खडूने बंद मागांवर आकडे घालत येतो, १, २, ३. चालू मागावर ४ लिहितो. राजी दारात.)

राजी: (आवाजावर आवाज चढवून) काय लिहायलाव ओ?

मल्लिनाथ: नंबर.

राजी: कशाचा?

मल्लिनाथ: उचलायचा. (खडू थांबतो. तो मागाकडे कान करतो.) ह्याचा पिकर ढिला झालाय.

राजी: माहितीय. दोनदा सांगितलंय नान्नांना. (थांबते) उचलायचा म्हणजे?

(ती माग बंद करते. एकदम शांतता. मल्लिनाथ नान्नांकडे बघतो. नान्ना हातातलं सूत बघतायत.)

मल्लिनाथ: मला वाटलं तुम्हाला माहीत असेल.

(राजी पुढे होते, तळहाताने ४ पुसते. हाताला खडू.)

राजी: ह्याच्यावर बीम चढलाय. संपल्याशिवाय हात लावायचा नाही.

यात दोन गोष्टी मुद्दाम केल्यात. एक, धक्का बसायच्या आधी ती पिकरच्या बोलण्याला उत्तर देते, कारण आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तिच्याशी मागाबद्दल सरळ बोललंय आणि ती नकळत त्यात ओढली जाते, "उचलायचा" हा शब्द तिला एक क्षण उशिरा लागतो. तो उशीर म्हणजे या दोघांच्या गोष्टीची खरी सुरुवात. दुसरं, चालू मागाच्या शेडमध्ये बोलणं ऐकू येत नाही, तिथे माणसं ओरडून नाहीतर खुणांनी बोलतात, त्यामुळे माग बंद होणं हीच घटना होते. पार्श्वसंगीत, वाऱ्याने उडणारे केस, स्लो मोशन, यातलं काही स्क्रिप्टमध्ये लिहायची गरज नाही, ते डायरेक्टरचं काम आहे, तुम्ही शांतता लिहा. आणि नावं अजून कोणी सांगितलेली नाहीत. त्याचं नाव तिला नंतर मामाच्या फोनमधून कळतं, तिचं नाव त्याला अम्माच्या हाकेतून.

पात्राच्या हाताला काहीतरी काम द्या हे मी प्रत्येकाला सांगतो. अम्माचा सीन लिहाल तेव्हा ती नुसती बसून काळजी करत नाही, मांडीवर सूप आहे, पान कापतेय, तंबाखू भरतेय, बोटाने वळून दोरा बांधतेय, आणि मुलगी काय बोलली ते ऐकल्यावर एक विडी वळायची राहून जाते. एवढंच. डोळ्यात पाणी लिहू नका.

भाषा

सोलापुरी बोली फक्त हसवण्यासाठी वापरली जाते याचं मला मनापासून वाईट वाटतं. ड्रायव्हर, वॉचमन, बावळट मित्र यांच्या तोंडी "का बे, काय करायलास" आणि हिरो-हिरॉईन मात्र पुस्तकी बोलणार. प्रेमाचं वाक्यही त्या बोलीत म्हणता येतं, राग पण येतो, लाज पण येते. चॅनेल सांगेल की सगळ्या महाराष्ट्राला कळलं पाहिजे, त्यांचं पण बरोबर आहे. मी असं करतो, वाक्याच्या शेवटाला बोली ठेवतो, की, ओ, करायलाव, येतो की, आणि जो शब्द बाहेर कळणार नाही तो गाळतो. मित्रामित्रांत बे, मोठ्यांना ओ, आणि राजी-मल्लिनाथ पहिले कितीतरी एपिसोड एकमेकांना अहो-जाहोच. तुम्ही वरून तू वर कधी यायचं हे आत्ताच वहीत लिहून ठेवा, मराठी लव्ह स्टोरीत तो एक मोठा एपिसोड असतो आणि पहिल्याच दिवशी अरे-तुरे केलं की तो कायमचा हातातून जातो.

तेलुगू आणि कन्नड किती घालायचं? एपिसोडला दोन-तीन वाक्यं, आणि ती पण अशा जागी जिथे समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरून अर्थ कळतो. लिहिल्यावर घरात ती भाषा बोलणाऱ्या कोणाकडून तरी तपासून घ्या, पुस्तकी कन्नड आणि आपल्याकडचं कन्नड यात फरक आहे.

गड्डा पहिल्या एपिसोडमध्ये नको

सोलापूरची गोष्ट म्हटलं की सगळ्यांना गड्डा यात्रा पाहिजे असते, मला पण. संक्रांतीच्या वेळची ती ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची यात्रा, बाराबंदी घातलेली माणसं, मिरवणुकीतले सात उंच नंदीध्वज, आणि संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा. कुंभारकन्येला सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचं होतं, त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायला संमती दिली, आणि ते लग्न दरवर्षी शहर लावतं, "सत्यम सत्यम दिड्डम दिड्डम" म्हणत अक्षता टाकतं. प्रेमाच्या गोष्टीला याच्यापेक्षा मोठी पार्श्वभूमी आपल्या शहरात दुसरी नाही. म्हणूनच ती पहिल्या एपिसोडमध्ये खर्च करायची नाही. पहिल्या एपिसोडला एवढ्या गर्दीचं शूटिंग कोणी देतही नाही, आणि दिलं तरी ज्या दोघांची अजून ओळख नाही त्यांच्यामागे तो सोहळा नुसता देखावा होतो.

त्याऐवजी तो तारीख म्हणून वापरा. राजीने मागितलेले बारा दिवस मोजले तर बीम बरोबर अक्षतेच्या दिवशी संपतो. पहिल्या एपिसोडमध्ये फक्त रात्री गल्लीतून नंदीध्वजाच्या सरावाला चाललेली पोरं दिसतात, नान्ना कॅलेंडरवर बोट ठेवतात. प्रेक्षक मनात मोजायला लागतात, दोन आठवडे कुठे पोचायचं हे तुम्हालाही कळतं.

शेवटची दोन मिनिटं

पहिल्या एपिसोडचा शेवट म्हणजे दार वाजलं, फोन पडला, कोणीतरी वळून बघितलं आणि फ्रीझ, असं असेल तर दुसऱ्या दिवशी पहिल्या मिनिटात त्यातली हवा जाते. शेवटी पात्राने असं काहीतरी केलेलं पाहिजे जे त्याला मागे घेता येत नाही.

आपल्या गोष्टीत संध्याकाळी पिकर तुटतो. माग बंद, बारा दिवसांचा हिशोब पहिल्याच दिवशी कोलमडला, बाजार बंद झालेला. मल्लिनाथ पार्ट मोजायला आलेला असतो, काही न बोलता निघून जातो आणि अर्ध्या तासाने गोडाऊनमधल्या एका मेलेल्या मागाचा पिकर घेऊन येतो. खिशातला पाना निघतो. तो बसवत असताना मामाचा फोन येतो, माग खोलायला घेतलास का? हात तेलाने भरलेले, म्हणून फोन खांद्याने कानाला धरलाय, आणि तो कन्नडमध्ये म्हणतो, "हूं मामा, बिच्चाकत्तीनी." हो मामा, खोलायलोय. मामाशी बोललेलं त्याचं हे पहिलं खोटं, तेलुगू घरातल्या पोरीला काय कळणार म्हणून तिच्यासमोर बिनधास्त बोललेलं. कॅमेरा राजीवर. तिला कळलंय. सोलापुरात वाढलेली पोरगी आहे, तीन भाषा कानावर घेतच मोठी झाली. ती काहीच बोलत नाही, माग चालू करते. एपिसोड संपला.

पाठवायच्या आधी

स्क्रिप्ट मोठ्याने वाचा, घड्याळ लावून, हालचालींना पण वेळ देऊन. पानांवरून मिनिटं मोजायचा इंग्रजी हिशोब देवनागरीत जसाच्या तसा लागू पडत नाही, फॉन्ट आणि मांडणीप्रमाणे फरक पडतो. मग घरात कोणाला तरी ऐकवा, ते पण त्यांचं काम चालू असताना. माझी आई भाकरी थापत ऐकते, स्क्रीनकडे बघत नाही, तिला कुठे "कोण बोलतंय आता?" विचारावं लागलं की तिथे मी खूण करतो. डेली बघणारी निम्मी घरं अशीच कानाने बघतात असं मला वाटतं, त्यामुळे ही परीक्षा मी कधी टाळत नाही. शेवटचा सीन नजरेवर आहे, तिथे आईला कळलं नव्हतं, म्हणून मी मराठीत अम्माचं एक वाक्य वाढवलं, सकाळच्या जेवणाच्या सीनमध्ये ती राजीला म्हणते, शेजारच्या कन्नड काकूंशी तासभर काय बोलत बसतीस. पुढचं आपोआप लागलं.

सोबत काय पाठवायचं: एका पानात गोष्ट, पात्रांच्या नोंदी, पूर्ण लिहिलेला पहिला एपिसोड, आणि पुढच्या दहा-बारा एपिसोडच्या वन-लाइन. पाठवायच्या आधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे सभासद होऊन स्क्रिप्ट रजिस्टर करा, ऑनलाइन होतं. कॉपीराइट कायद्यात नुसत्या कल्पनेला संरक्षण नाही, लिहिलेल्या मजकुराला आहे, म्हणून तोंडी गोष्ट सांगत फिरू नका, लिहून, रजिस्टर करून, ईमेलने पाठवा म्हणजे तारीख राहते. माझी एक कल्पना मी हॉटेलात चहा पिता पिता सांगून बसलो होतो आणि नंतर हातात काहीच पुरावा नव्हता.

आणि एक काम पाठवायच्या आदल्या रात्री करा. दुसऱ्या एपिसोडचा पहिला सीन लिहून बघा. कारण पक्कं बसलं असेल तर तो सीन अर्ध्या पानात येतो, डोकं खाजवावं लागत नाही. माझा असा आला: सकाळ. शेडचं दार. मल्लिनाथ हातात पार्टांची यादी घेऊन उभा. आतून माग नीट, एका लयीत चाललेला ऐकू येतोय. तो कडी वाजवतो. राजी दार उघडते, त्याच्याकडे बघते, बाजूला होते आणि कन्नडमध्ये म्हणते, "बर्री." या.